गणितातला पाऊस

गंगाखेडच्या शिवारात एका बांधावर सर कोसळते अन् पलीकडचा बांध कोरडाच राहतो. मग वेधशाळेचे गणित चुकले म्हणायचे का? थोडा इतिहास पाहू.

समीकरणे सोडवून हवामान वर्तवण्याची रीत इंग्लंडच्या रिचर्डसन यांनी १९२२ साली ग्रंथात मांडली. हाताने आकडेमोड करून काढलेला त्यांचा सहा तासांचा अंदाज साफ फसला. वाट मात्र खरी निघाली. १९५० साली अमेरिकेत चार्नी आदींनी सोपी केलेली समीकरणे संगणकावर सोडवून दाखवली.

या रीतीत सारे वातावरण चौकोनांत वाटतात, जसे आपण रानात वाफे पाडतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुमारे ६ किलोमीटरचा चौकोन धरते. ढग पुष्कळदा त्याहून लहान! तो गणिताला दिसत नाही. म्हणून चौकोनातली ऊब, ओलावा आणि वर चढणारी हवा यांवरून ठरावीक नियमांनी त्याचा पाऊस अजमावतात. खऱ्या ढगांची माहिती मिळावी म्हणून याच संस्थेने २००९ पासून विमाने ढगांत नेऊन मापे घेतली.

तेव्हा अंदाज चौकोनाचा असतो, बांधाचा नव्हे. पेरणी ठरवताना तो जरूर ऐका. पण तिफण धरण्याआधी आपल्या रानातली ओलही पाहा.