४२९४९६७२९७

४२९४९६७२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही ४२९४९६७२९६ नंतरची पूर्ण संख्या आहे. तिचे मूल्य २^३२ + १ असून ती पाचवी फर्मा संख्या (फ५) म्हणून ओळखली जाते. ती संयुक्त संख्या आहे. ६४१ आणि ६७००४१७ हे तिचे दोन मूळ अवयव होत.

इतिहास

२ च्या घातांकाच्या जागी १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणाऱ्या संख्या घेऊन त्या घातात १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून हा क्रम पुढेही मूळ संख्याच देत राहील, असे मत फ्रेंच गणिती प्येर द फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. मात्र त्याची सिद्धता आपल्याजवळ नसल्याचेही त्यांनी मान्य केले होते. १७२९ मध्ये क्रिस्टियान गोल्डबाख यांनी हा प्रश्न लेओनार्ड ऑयलर यांच्या नजरेस आणला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा विभाजक दाखवून ते मत खोटे ठरवले.

फ५ चा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ या रूपाचा असावा लागतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच संख्यांनी भागून पाहणे पुरेसे होते; पाचव्या भागाकारातच बाकी शून्य येते. विशेष म्हणजे हे रूप फर्मा यांच्याच लघुप्रमेयावरून निघते.

विभाज्यतेची सिद्धता

प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखवता येते. ६४१ = ५ × २^७ + १ असल्याने ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. चौथा घात घेतल्यास ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. परंतु ६४१ = ५^४ + २^४ हेही खरे आहे, म्हणून ५^४ ऐवजी −२^४ लिहिता येते. यावरून −२^३२ ची बाकी १ ठरते, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

इतर गुणधर्म

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६^२ + १^२ आणि ६२२६४^२ + २०४४९^२. मूळ संख्येबाबत असे दोन प्रकार संभवत नाहीत. लघुप्रमेयावर आधारलेल्या कसोटीत २ हा पाया घेतल्यास मात्र ती मूळ संख्येसारखीच उत्तीर्ण होते. ३ हा पाया घेतल्यावर तिचे संयुक्त स्वरूप उघड होते. द्विमान पद्धतीत ती १, त्यापुढे ३१ शून्ये आणि शेवटी १ अशी लिहिली जाते.

पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे हिच्याहून बरोबर २ ने कमी आहे. केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येणाऱ्या, ज्ञात विषमभुज सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठ्या बहुभुजाला तेवढ्याच बाजू असतात. ४२९४९६७२९७ बाजूंचा सुसम बहुभुज मात्र या साधनांनी काढता येत नाही. फ५ पासून फ३२ पर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे.