'पिसाळणे' : श्वान-मार्जारांच्या रक्षणाचा एक इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तेथे, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावात, ओट्यावर कुत्रे आणि चुलीपाशी मांजर हे दृश्य इतके परिचयाचे आहे की या प्राण्यांच्या आरोग्यालाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या इतिहासाचा काही भाग मात्र शब्दांतच साठलेला आहे. 'मांजर' हा शब्द 'मार्जार'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी स्वच्छ करणे या अर्थाचा 'मृज्' धातू आहे. अंग चाटून निर्मळ राहणाऱ्या प्राण्याला हे नाव शोभते. कुत्र्याचे जुन्या मराठीतील 'सुणे' हे नाव कोकणीने अद्याप जपले आहे. परंतु कुत्र्यासंबंधी मराठीत सर्वांत बोलका शब्द आहे तो 'पिसाळणे'. 'पिसे' म्हणजे वेड. संतवाणीत हरीचे पिसे लागणे हे भाग्याचे लक्षण. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तोच शब्द मरणाची वार्ता घेऊन येतो.

भयाच्या जोडीला दयाही होतीच. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ही दया अन्न देण्याची होती. रोगाच्या बाबतीत काय करावे, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. तत्कालीन वैद्यकापाशीही नव्हते.

दया आणि भय यांची उघड टक्कर झाली ती मुंबईत, जून 1832 मध्ये. ठराविक मोसमात भटकी कुत्री मारण्याचा सरकारी नियम तेथे पूर्वीपासून होता आणि दर कुत्र्यामागे इनामही मिळे. शिपायांनी मालकांच्या कुत्र्यांवरही हात टाकल्याचा बोभाटा झाला आणि श्वानाला धर्मतः पवित्र मानणारे पारशी खवळले. 7 जूनला बाजार बंद पडला, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले होते. या प्रसंगाकडे केवळ धार्मिक दंगल म्हणून पाहणे अपुरे आहे. सरकारला माणसे वाचवावयाची होती, लोकांना कुत्री. आणि दोघांच्याही हाती उपाय नव्हता. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. तेथे आश्रय मिळाला, तरी आश्रय म्हणजे उपचार नव्हे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि 1886 चे पशुवैद्यक महाविद्यालय यांनी ती उणीव भरून काढण्यास आरंभ केला.

पाश्चरने जुलै 1885 मध्ये पॅरिसला पहिली लस टोचली. भारतात 1900 मध्ये कसौलीला त्याच्या नावाची संस्था निघाली आणि तेथे 1911 मध्ये सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. 'पोटात चौदा सुया' ही मागच्या पिढीची दहशत याच जातीच्या लशीची. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचा वापर थांबला. लस आली तरी मुंबईत कुत्री मारणे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालूच राहिले. नसबंदी करून, लस टोचून कुत्री पूर्वस्थानी सोडावीत, हा नियम 2001 चा.

हट्ट्याचा परिसर 1948 पर्यंत निजामी राज्यात असल्याने मुंबई इलाख्याचे कायदे तेथे लागू नव्हते. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते 1972 मध्ये. तेव्हा हट्टा परभणी जिल्ह्यातच होते. आज वस्तीतील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिल्यास रोगाचा प्रसार तुटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. पिल्लाला साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली मात्रा आणि त्यानंतर पुनर्मात्रा, एवढेच घरधन्याचे काम.

यात एक अडचण मात्र शब्दाची आहे. 'पिसाळलेले' म्हटले की पुढे 'कुत्रे'च येते. मांजर सहसा येत नाही. वास्तविक तोच विषाणू मांजरालाही होतो आणि तिच्या दातांतून माणसापर्यंत पोचतो. तरीही तिचा चावा हळद लावून विसरला जातो. खरे तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावयाचा असतो, आणि चुलीपाशी वाढणाऱ्या पिल्लालाही ओट्यावरच्या पिल्लासारखीच लस द्यावयाची असते.