आडनावांचा इतिहास : कुलकर्णी

आज आपण एका अगदी ओळखीच्या आडनावाकडे वळणार आहोत. या सभागृहात कुलकर्णी किती, असं विचारलं तर चार-पाच हात तरी नक्की वर होतील. पण हे हात एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. का, ते पाहू.

कुलकर्णी हे मुळात कुळाचं नाव नाही, ते पदाचं नाव आहे. पाटील गावाचा प्रमुख, तर कुलकर्णी गावाचा हिशेबनीस. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे सगळं त्याच्या दप्तरात. प्रत्येक गावाला कुलकर्णी हवाच, म्हणून देशस्थ, कऱ्हाडे, सारस्वत, सीकेपी अशा वेगवेगळ्या ज्ञातींत, आणि कर्नाटकातही, हे आडनाव सापडतं.

आता मुद्दा असा, की ज्या गावात लिहिता येणारे मोजकेच, तिथे लेखणी ही सत्ता असते. कागदावर काय चढलं हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्ण्यांवर कडक टीका आहे. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतनं संपली.

वतन गेलं, नाव राहिलं. आणि त्या नावाची माणसं दप्तरातून पार बाहेर पडली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून कथा लिहीत राहिले. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी ताऱ्यांचा हिशेब मांडू लागले. धोंडूताईंनी जयपूर-अत्रौली गायकी जपली. नीलेश कुलकर्णींनी १९९७ मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला. पुढे श्रीलंकेने त्याच डावात ९५२ धावा केल्या, तो भाग वेगळा! आणि सोनाली कुलकर्णी म्हटलं, की 'कोणती?' असं विचारावंच लागतं.

या सगळ्यांना जोडणारं रक्त नाही, एक जुनं काम आहे. त्या कामाची प्रतिष्ठा आठवायची, तर त्याने दुखावलेल्यांची तक्रारही आठवायला हवी. आडनाव दोन्ही सांभाळतं. आपण त्यातलं एकच वाचायचं, हा इतिहास नव्हे.