जर्मनी व्हाया मनमाड

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने ऐकली नाही, तो मराठवाड्यात राहिलेलाच नाही म्हणायचा. जर्मनीचा आणि परभणीचा संबंध काय, हे मात्र कुणी विचारू नये. विचारलंच, तर परभणीकर उत्तर देत नाही. नुसता दयेने बघतो. आमच्या गावाबद्दल आणखीही एक म्हण आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ म्हणजे कुठे जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच! एका म्हणीत आम्ही जर्मनीच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि दुसरीत कुठेच थारा न मिळालेल्यांची धर्मशाळा होतो.

असं असलं तरी स्वप्नातला प्रवास आम्हाला नवा नाही. स्वित्झर्लंड, पॅरिस ही नावं अलीकडची. आमच्या पणज्यांच्या स्वप्नात एकच दूरदेश होता, काशी! काशीला निघालेला माणूस घरच्यांचा जणू अखेरचाच निरोप घेई, आणि धडधाकट परतला की गंगेचा गडू देवघरात ठेवून मावंदं घाली. रिवाज मोठा शहाणपणाचा. हल्ली लोक युरोपातून येतात आणि आपल्याला उपाशीपोटी तीनशे फोटो दाखवतात. मावंद्यात निदान जेवण तरी मिळायचं.

ज्यांना काशी झेपत नसे, त्यांच्यासाठीही सोय होती. रोज नुसतं ‘काशीला जायचं’ म्हणत राहिलं तरी पुण्य पदरात पडतं, अशी आपल्याकडे समजूत. तेवढ्यानेही समाधान झालं नाही, तर जनाबाईंचं गंगाखेड होतंच. गोदावरीकाठच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. पैठणलाही म्हणतात, नाशिकलाही म्हणतात. आपल्याला काशीला जाता येत नाही ना, मग काशीलाच इकडे बोलवा! प्रवास कंपन्यांना हे अजून सुचलेलं नाही.

पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड अशी गाडी सुरू झाली आणि परभणीच्या स्वप्नांना रूळ मिळाले. पण रूळ अरुंद, मीटरगेजचे! मुंबईला जायचं तर मनमाडला वळकट्या, ट्रंका आणि मुलं मोजून उतरवायची आणि मोठ्या गाडीत कोंबायची. त्यात मनमाड म्हणजे इंग्रजी मुलूख. आमचा रुपया ‘हाली’, तिकडचा ‘कलदार’. सात हालींचे साधारण सहा कलदार यायचे. शिवाय निजामाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. म्हणजे बघा, परकी चलन आणि कस्टम या दोन्ही गोष्टी आमच्या आजोबांनी नुसत्या मनमाडपर्यंत जाऊन अनुभवल्या होत्या! १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली, पण अरुंद रूळ मात्र १९९० च्या दशकापर्यंत टिकले.

आणि या सगळ्याच्या सहाशे वर्षं आधी, गाडी नाही, हाली नाही, कलदार नाही, अशा अवस्थेत आमच्याकडचा एक माणूस थेट पंजाबात पोचला होता. संत नामदेव! त्यांचं म्हणून जे नरसी गाव सांगतात, ते १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. मग हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नामदेव कागदोपत्री आमच्या हातून गेले. पंजाबने मात्र त्यांना घट्ट धरून ठेवलंय. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही त्याच घुमानला. साहित्यिक गाडीने गेले आणि प्रवास फार लांबचा झाला म्हणून कुरकुरले. नामदेव चालत गेले होते.

आता नामदेवांच्या त्याच वाटेने रोज उलट दिशेला माणसं येतात. अमृतसरहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला थांबून नांदेडला जाते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. तेव्हापासून गोदावरीकाठचं हे गाव म्हणजे शिखांच्या मनातली मोठी यात्रा. डब्यात म्हातारी जोडपी असतात. वर्षानुवर्षं पैसे साठवून, मुलांची लग्नं उरकून निघालेली. दीड दिवस झाला तरी त्यांच्या चेहऱ्यावर शीण नाही. परभणीच्या फलाटावर खिडकीतून ती विचारतात, ‘‘नांदेड कितनी दूर?’’ आणि तास-दीड तास राहिला म्हटलं की हात जोडतात.

हात जोडण्यासारखं तिथे काय आहे, ते आम्हा परभणीकरांना पटकन सांगता येत नाही. आम्ही नांदेडला जातो ते कोर्टाच्या तारखेला, सोयरिकीला, नाहीतर दवाखान्यात. काम झालं की पहिल्या गाडीने परत. पंजाबातल्या माणसाने जन्मभर उराशी बाळगलेलं ठिकाण आम्ही पिशवी सांभाळत ओलांडून येतो आणि घरी बसून जर्मनीची चित्रं बघतो.

जर्मनीला जरूर जा. म्हणीपुरता तरी तो आमचा जोडीदार आहे. पण त्याआधी एकदा नांदेडला काहीही काम नसताना जाऊन या, आणि आल्यावर मावंदं घाला. जेवायला आम्ही येऊ. फोटो दाखवले तरी चालतील.