लोहमार्गांचा लोकनकाशा

रेल्वेच्या वेळापत्रकातील नकाशात दोन स्थानके एका रेषेने जोडलेली असतात. तेथे रूळ किती पदरी आहेत, फाटक कोठे आहे, हे त्या रेषेवरून कळत नाही. हा तपशील जगभरचे स्वयंसेवक 'ओपनस्ट्रीटमॅप' या मुक्त नकाशावर नोंदवत आहेत. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. विनामूल्य खाते उघडून कोणालाही त्यात भर घालता येते. त्यातील केवळ रेल्वेची माहिती वेगळी करून दाखवणारा 'ओपनरेल्वेमॅप'ही उपलब्ध आहे.

नोंदीची पद्धत सोपी, पण काटेकोर आहे. उपग्रह छायाचित्रावर दिसणाऱ्या प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र रेषा आखली जाते. सांध्यापाशी दोन्ही रेषा एकाच बिंदूत मिळाव्या लागतात. अन्यथा संगणक त्या मार्गांना तुटलेले समजतो. त्यानंतर रुळांमधील अंतर मिलिमीटरमध्ये नोंदवतात. ब्रॉडगेजसाठी ते १६७६, मीटरगेजसाठी १०००, तर नेरळ-माथेरान मार्गासाठी ६१० असते. विदर्भातील 'शकुंतला' ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरून धावत असे. विद्युतीकरण झालेल्या मार्गाला विद्युतदाबाचीही नोंद जोडता येते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. स्वामित्वहक्क असलेल्या अन्य नकाशावरून काहीही उतरवून घेता येत नाही. प्रत्यक्ष पाहणी, जीपीएसची नोंद आणि परवानगी असलेली छायाचित्रे हेच ग्राह्य आधार होत.

खरा प्रश्न उभा राहतो तो बंद पडलेल्या मार्गांचा. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेजची जागा पुढे ब्रॉडगेजने घेतली. अशा बदलात कोठे मार्ग वळवला गेला, तर जुना भराव आणि पुलांचे खांब तेवढे मागे राहतात. रूळ जागेवर असून गाडी धावत नसेल, तर मार्ग 'वापरात नसलेला' आणि रूळ उखडले असले तरी खुणा शिल्लक असतील, तर 'सोडून दिलेला' अशी नोंद होते. शेत वा इमारतीखाली खुणा पूर्ण पुसल्या गेल्या, तर त्या मार्गाची जागा 'ओपनहिस्टॉरिकलमॅप' या स्वतंत्र ऐतिहासिक नकाशात असते. मात्र तेथेही पुराव्याखेरीज रेषा आखता येत नाही.

म्हणूनच जुना भराव ओळखणारे गावकरी हयात आहेत तोवर ही पाहणी होणे अगत्याचे आहे.