एका फौजेपायी गहाण पडलेला मुलूख

चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीच्या दर्शनाला येरमाळ्यास लोटणाऱ्या यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल, की हा धाराशिवचा प्रांत एके काळी एका फौजेच्या पगारापायी गहाण पडला होता. फौज निजामाच्या नावाची. हुकूम मात्र इंग्रज अंमलदारांचा.

मूळ करार १८०० सालचा. युद्ध उद्भवल्यास तैनाती फौजेच्या जोडीला निजामाने आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार द्यावेत, असे त्यात ठरले. ‘युद्ध उद्भवल्यास’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा अनर्थ त्यांच्या विस्मरणातून, किंवा सोयीस्कर विस्मरणातून म्हणा, घडला. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१२च्या सुमारास हैदराबादेस कवायती पलटणी उभारल्या. हीच ‘रसेल ब्रिगेड’. १८१७ साली महिदपूर येथे ती होळकरांविरुद्ध लढली. पुढे पेशवाई बुडाली, युद्ध संपले. पण युद्धापुरती मागितलेली ही कुमक काही घरी गेली नाही. तिच्या पगारासाठी दरबाराने आधी पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढले, मग खुद्द इंग्रजांच्या खजिन्यातून.

१८५३ साली हे देणे ४० लाखांवर गेले होते. डलहौसीच्या आज्ञेने रेसिडेंट कर्नल लो याने २१ मे रोजी तह करविला आणि वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांच्या उत्पन्नावर ५,००० पायदळ, २,००० स्वार व चार तोफखाने पोसावयाचे होते. तहाच्या वेळचा दिवाण सिराज-उल-मुल्क त्याच महिन्यात वारला व पुतण्या सालारजंग त्याच्या जागी आला. नळदुर्गास कारभारी म्हणून मेडोज टेलर आला. इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणारा हा गृहस्थ रयतेविषयी कळकळ बाळगणारा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु सावकाराचा गुमास्ता सज्जन निघाला म्हणून गहाणखत न्याय्य ठरत नाही.

१८५८ साली हीच कंटिंजंट फौज सर ह्यू रोज याच्या सैन्याबरोबर झाशीवर चालून गेली. ज्या शिपायांपुढे राणी लक्ष्मीबाईस किल्ला सोडावा लागला, त्यांतील कित्येकांच्या पगारात धाराशिवच्या कुणब्याने भरलेला सारा होता!

१८६०च्या तहाने धाराशिव व रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९०२ साली ते वार्षिक २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. पुढील वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात घेण्यात आल्या. ९४ व ९५ क्रमांकांच्या पलटणींना रसेलचे नाव तेवढे चिकटून राहिले.