हंडीवरचा कोंबडा आणि कुंपणाबाहेरचे अर्भक

आयर्लंडमधील किल्केनी येथील सेंट कॅनिस कॅथीड्रलमध्ये सोळाव्या शतकातील थडग्यांवर ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे कोरलेली आहेत. त्यांतच हंडीवर उभा असलेला एक कोंबडा दिसतो. पेत्राच्या प्रसंगातला कोंबडा बायबलात आहे, हंडी मात्र लोककथेतली. ‘हा शिजणारा कोंबडा उठेल तेव्हाच तो क्रुसावर मेलेला उठेल’, असे कोणी म्हणाले, आणि कोंबडा हंडीतून उडून आरवला. ‘कुमारीचा पुत्र सुखरूप आहे’, असे शब्द आयरिश माणसाला त्या आरवण्यात ऐकू येत.

या आख्यायिकांत प्राण्याचा निवाडा एका कृत्यावर होतो आणि तो साऱ्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या लागू राहतो. ‘दर दील’ या काळ्या किड्याचेच पाहा. बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ पळत असता एक शेतकरी पेरणी करीत होता. रात्रीतून पीक कापणीला आले. हेरोदाच्या शिपायांना शेतकऱ्याने सांगितले, ‘हे पेरीत होतो तेव्हा ते गेले.’ शिपाई परतणार, तोच किडा म्हणाला, ‘काल!’ त्या एका शब्दापायी त्याला दिसताक्षणी मारणे पुण्याचे ठरले. खरे दोघेही बोलले होते, हे आम्हांस विशेष वाटते. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोकसमजुती उतरवून घेतल्या. त्या प्रचंड संग्रहातही हा किडा आहे.

आणि ज्याने काहीच केले नाही त्याचे काय? बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या अर्भकाला पवित्र दफनभूमीत जागा नसे. त्याच्यासाठी ‘किल्लीन’ असे: पडक्या चर्चचा परिसर, शिवेवरची जागा, समुद्रकाठ, किंवा परींचे ठाणे मानला जाणारा जुना मातीचा गोल कोट. बहुधा बाप किंवा घरातला पुरुष रात्री ते ओझे घेऊन जाई. आई सोबत नसे. खुणेला एखादा अनघड दगड, क्वचित पांढरे गारगोटे. नाव कोरलेले नसे. चर्चने नाकारलेल्यांना लोकांनी जुन्या पावित्र्याच्या कडेला नेऊन ठेवले, यात केवळ आज्ञापालन होते असे आम्ही मानीत नाही. पडक्या का होईना, चर्चच्याच भिंतीचा आसरा त्यांनी शोधला होता.

ही रूढी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. अशा अर्भकांच्या मुक्तीची आशा धरण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या ईशशास्त्रीय आयोगाने म्हटले ते २००७ मध्ये.